टिंबटिंबची किंमत

माझा धाकटा भाऊ जन्माला आला तोसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला. आई हे फार कौतुकाने सांगायची. मला आता वाटतं, तेव्हाच कुणीतरी सावध व्हायला हवं होतं.

लहानपणी ताटात काहीही वाढलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी घास घेतला आणि नाक मुरडलं नाही, की मग तो खायचा. वर्गात पहिला येणारा मुलगा ज्या रंगाची शाई वापरायचा त्याच रंगाची शाई याला लागायची. एका वर्षी पहिला नंबर दुसऱ्याच मुलाचा आला, तर याने अर्धी भरलेली दौत मला देऊन टाकली. कॉलेजात विषय निवडायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी भाषणात एका विषयाची तोंडभर स्तुती केली होती. ती त्यांनी दर वर्षी वेगळ्या विषयाची करायची असते हे याला कळेपर्यंत पदवी हातात आली. लग्नाचंही तेच. मुलीला भेटून आला, आम्ही विचारलं, कशी वाटली? म्हणाला, आपल्या डॉक्टरांचं त्यांच्या घरी येणंजाणं आहे, ते म्हणतात मुलगी गुणी आहे. अरे, पण तुला कशी वाटली? यावर तो जो विचारात पडला तो बहुतेक अजून बाहेर आलेला नाही. भावजय खरोखरच गुणी निघाली. त्याचं श्रेय तो आजही डॉक्टरांना देतो आणि ती ते शांतपणे ऐकून घेते, यावरूनच ती किती गुणी आहे ते कळावं.

अशा माणसाला पोटापाण्यासाठी काय काम मिळावं? दुसऱ्यांच्या शिफारशी लिहिण्याचं.

तो एका जाहिरात एजन्सीत आहे. ‘मी गेली कित्येक वर्षं हेच तेल वापरते, माझे केस बघून शेजारणी विचारतात’ हे वाक्य ज्या बाईच्या फोटोखाली छापलेलं असतं ते त्या बाईने लिहिलेलं नसतं. ते माझ्या भावाने लिहिलेलं असतं आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर आता मोजून काढता येतील एवढेच केस आहेत. सुरुवातीला तो समाधानी गृहिणी, समाधानी विद्यार्थी आणि समाधानी रुग्ण एवढ्यांपुरता लिहायचा. पुढे बढती मिळाली आणि तो मोठ्या लोकांसाठी लिहू लागला. नट, खेळाडू, निवृत्त न्यायाधीश, नावाजलेले डॉक्टर. या मंडळींना स्वतःचं मत बनवायला वेळ नसतो. कुणीतरी ते बनवून, इस्त्री करून, त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचं असतं. ते त्यातलं एखादं बोट लावून निवडतात.

त्याची खोली मी पाहिली आहे. एक टेबल, कुरकुरणारी खुर्ची आणि एकच खिडकी, जी शेजारच्या इमारतीच्या जनरेटरवर उघडते, म्हणून ती उघडत नाहीत. भिंतीवर त्याने ज्यांच्या तोंडी वाक्यं घातली त्या मोठ्या लोकांचे फोटो आहेत. तो त्यांच्याकडे बघतो ते आपण कधी काळी त्यांच्याकडून काही शिकलो अशा नजरेने.

कामाची एक पद्धत ठरलेली आहे. करार पक्का होईपर्यंत कुठल्या मालाची शिफारस आहे हे एजन्सी लिहिणाऱ्याला सांगत नाही. नुसतं सांगतात, काहीतरी प्यायचं आहे, काहीतरी अंगाला लावायचं आहे. म्हणून हा नावाच्या जागी टिंबं देतो आणि मोठ्याने वाचताना ‘टिंबटिंब’ असं म्हणतो. आणि वाचतो कुणापुढे, तर माझ्यापुढे. मी कामावरून घरी येऊन चपला काढते न काढते तोच फोन. “ताई, ऐक. ‘टिंबटिंब नसतं तर माझी सकाळ सुरूच झाली नसती.’ कसं वाटतं?” मी विचारते, चहा आहे की पोट साफ होण्याचं औषध? तो गंभीरपणे सांगतो, अजून कळवलेलं नाही, पण दोन्हीला चालेल.

माझ्या नवऱ्याने त्याचं नाव टिंबटिंब ठेवलं ते तेव्हापासून. आता घरात दुसरं नाव कुणी घेत नाही. भावजयसुद्धा फोनवर सांगते, टिंबटिंब अंघोळीला गेलेत, आले की सांगते.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. माणूस लबाडी करतो आणि त्याला ती ठाऊक असते, तर त्याची एक इज्जत असते. माझ्या भावाची तीही नाही. तो स्वतः लिहिलेल्या शिफारशींवर विश्वास ठेवतो. एका नटाने एका गादीची तारीफ केली, ‘या गादीवर मला आईच्या कुशीची झोप लागते.’ वाक्य याचं. जाहिरात लागली त्याच आठवड्यात हा ती गादी घेऊन आला. महिन्याभरात पाठ धरली. भावजय म्हणाली, गादी बदलू या. तर म्हणाला, एवढा मोठा माणूस तिच्यावर झोपतो, तेव्हा दोष माझ्या पाठीत असणार. पाठीवर शेक घेत तो दोन वर्षं त्याच गादीवर झोपला.

पाठ त्याची होती, म्हणून मी गप्प राहिले. पण या वर्षी प्रश्न माझ्या मुलीचा होता.

ठकी माझी एकुलती एक. हे नाव तिच्या मामानेच ठेवलेलं, लहानपणी बाहुलीसारखी बसवली तिथे बसायची म्हणून. आता बसत नाही. तिला कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचं होतं. ते शिकवणाऱ्या संस्था कमी, जागा त्याहून कमी. तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं आणि यादी हलत हलत एके दिवशी तिच्यापर्यंत आली. फी महिनाअखेर भरायची, नाही भरली तर जागा पुढच्या मुलाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेपासून सुरुवात. फीचे पैसे आम्ही ती पाळण्यात होती तेव्हापासून साठवलेले. तेही दोनपैकी एकाच वर्षाला पुरणारे, दुसऱ्या वर्षासाठी कर्ज काढायचं ठरलं होतं. खातं तिच्या नावावर. ती सज्ञान झाल्यापासून सही तिची. हे तेव्हा आम्हाला फार पुढारलेपणाचं वाटलं होतं.

त्याच सुमारास एका तंत्रज्ञान कंपनीचा शेअर सगळीकडे गाजत होता. केस कापायला जावं तर खुर्चीत तोच विषय, दाताच्या डॉक्टरकडे जावं तर तोंड उघडं असताना तोच विषय, म्हणजे उत्तरही देता येत नाही. भाऊ आधीच त्यात होता. एका निवृत्त बँकरने सांगितलं म्हणून थोडा, एका उद्योगपतीने सांगितलं म्हणून आणखी थोडा. त्याच्याशी त्या कंपनीबद्दल बोलणं म्हणजे लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावं ऐकणं. वधूवर कोण ते शेवटपर्यंत कळत नसे.

एका रविवारी दुपारी तो आणि भावजय आमच्याकडे आले होते. मी मटार सोलत होते, टीव्ही चालू होता. त्यावर बाजारातले एक मोठे जाणकार आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, दबका आवाज. लोक त्यांना ‘सर’ म्हणतात, आयुष्यात कुणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नाही. मुलाखत घेणारीने विचारलं, सर, या शेअरची किंमत फार चढलीय असं काही लोक म्हणतात. सरांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. मग म्हणाले, “ही कंपनी आज महाग वाटते, कारण आपण तिच्याकडे कालच्या चष्म्यातून पाहतो.”

माझा हात मटारात थांबला. हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात, फोन कानाशी धरून. “ताई, ‘टिंबटिंब महाग वाटते, कारण आपण तिच्याकडे कालच्या चष्म्यातून पाहतो.’ चष्म्यातून ठेवू की डोळ्यांनी?” मी म्हटलं होतं, डोळ्यांनी ठेव, चष्मा उगाच मिरवतो. त्याने चष्मा ठेवला.

मी भावाकडे पाहिलं. वाटलं, आता हा ओशाळा होईल, निदान खोकेल. तो ताठ बसला होता. डोळ्यांत पाणी. ठकीकडे वळून म्हणाला, “ऐकलंस? एवढा मोठा माणूस बोलतोय.”

डबा काढायचा आहे, हात पुरत नाही, असं सांगून मी त्याला आत बोलावलं.

“अरे, हे तुझं वाक्य आहे.”

“हो ना,” तो म्हणाला. चेहरा उजळलेला. “शब्दन् शब्द.”

“मग मोठा माणूस बोलतोय काय म्हणतोस? तू बोलतोयस.”

“ताई, तुला यातलं कळत नाही. मी दहा वाक्यं दिली होती. त्यातून त्यांनी हेच उचललं. पटल्याशिवाय उचलतील? माझं काय, मी काहीही लिहितो. पण ते काहीही बोलणारे नाहीत.”

“पैसे घेऊन बोलतात.”

“पैसे तर मीही घेतो,” तो दुखावून म्हणाला, “म्हणून मी काय खोटं लिहितो?”

दोन्ही वाक्यं त्याने एका दमात आणि सारख्याच निष्ठेने म्हटली. काहीही लिहिणारा आणि खोटं न लिहिणारा. मी डबा हातात धरून उभी राहिले. तो काढायचा नव्हताच, पण काढून झाला होता.

मी चहा घेऊन बाहेर आले तोवर याने ठकीला योजना सांगितली होती. फी या वर्षी भरायची नाही. पैसे शेअरमध्ये टाकायचे. वर्षात दुप्पट, म्हणजे दोन्ही वर्षांची फी हातात, कर्ज नको, आईबाबांना त्रास नको. जागेचं काय? जागा काय, पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल, असा शेअर पुन्हा मिळत नाही. हे सांगताना तो चमच्याने बशीवर ताल धरत होता.

ठकीने हसून उडवून लावायला हवं होतं. ती ऐकत होती. तिचे बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होणार हे तिला ठाऊक होतं आणि कर्जाच्या कागदांवर ते पुन्हा पुन्हा चष्मा चढवून बसतात हेही तिने पाहिलं होतं. तिला हाव सुटली असती तर मी चांगली झाडली असती. पण तिला आमची काळजी वाटत होती, आणि काळजीला रागावता येत नाही. माझ्याच पोटची, माझीच खोड.

त्या संध्याकाळी भाऊ आणि भावजय जेवायला थांबले आणि मी ठरवलं की आज याला बोलतं करायचं.

मी कॉलेजच्या रसायनशाळेत प्रात्यक्षिकं घेते. दर वर्षी आम्ही मुलांना चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून चिमूटभर पांढरी पूड देतो आणि ती कसली आहे ते ओळखायला सांगतो. दर वर्षी एक गंमत होते. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीच्या नळीत निळा रंग येतो, ती ‘निळा’ लिहिते, आणि मागची सगळी रांग ‘निळा’ लिहिते. त्यांच्या नळ्या समोर असतात. त्यात दुधासारखं पांढरं असतं. तरी निळा. मी विचारते, कुठे आहे निळा? तर नळीकडे न बघता पहिल्या बाकाकडे बोट दाखवतात.

म्हणून मी म्हटलं, या शेअरची किंमत बरोबर आहे असं मला पटवून दे. अट एकच, कुणाचंही नाव घ्यायचं नाही.

“त्यात काय,” भाऊ म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. “हे बघ, सगळे जाणकार...”

“नाव नको.”

“मी नाव कुठे घेतलं?”

“‘सगळे’ हेही नावच आहे.”

“बरं. टीव्हीवर...”

“टीव्ही नको.”

तो थांबला. पाणी प्यायला. मग म्हणाला, येणारा काळ यंत्रांचा आहे. माझ्या नवऱ्याने विचारलं, असं कोण म्हणतं? भावाने चटकन त्या उद्योगपतीचं नाव सांगितलं आणि जीभ चावली. नवऱ्याला हसू आवरेना. त्यालाही मी डोळ्यांनी गप्प केलं, कारण हसून जिंकलं तर पोर मामाच्या बाजूने जाईल ही भीती होती.

भावजय संध्याकाळभरात पहिल्यांदा बोलली. “अहो, ती कंपनी करते काय, तेवढं तरी सांगा.”

त्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने चारचौघांत काही भलतंच विचारलं. त्याने त्या कंपनीवर दहा वाक्यं लिहिली होती. त्याची पुंजी तिच्यात होती. आता भाचीचं शिक्षण तिच्यात घालायला निघाला होता.

“ते...” तो म्हणाला, “तंत्रज्ञान.”

आणि पोळीचा तुकडा तोंडात घातला.

मी मनात जिंकले होते. पण ठकीने ताट पुढे सरकवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि रोख माझ्यावर होता.

“आई, तू मामाची टिंगल करतेयस. मोठी माणसं म्हणतात म्हणून किंमत बरोबर ठरत नसेल, तर ती म्हणतात म्हणून चूकही ठरत नाही. मामाला सांगता आलं नाही एवढंच कळलं. शेअरबद्दल काय कळलं?”

ती बरोबर होती. पुढच्या बाकावरची मुलगी निळा म्हणाली म्हणून आपल्या नळीत निळा नसेलच असंही नाही.

“मी बघते,” ती म्हणाली. “नावांशिवाय.”

हे मी मागितलं होतं आणि आता तेच मला नको झालं. ती खरंच बघायला बसली, आणि बघून ‘बरोबर आहे’ असं तिचं मत झालं तर? मग मी काय म्हणणार होते? मामाला गप्प करता आलं, कारण नावं काढल्यावर त्याच्यामागे कुणी उरलं नव्हतं. ती स्वतःच्या मतामागे उभी राहिली तर तिला हलवणं मला कधी जमलेलं नाही. त्या दिवसांत मी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि नवऱ्यावर एकदा उगाचच ओरडले. तो बिचारा म्हणाला, तूच तर नियम काढलास.

ठकीने कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घेतला. त्यात सुरुवातीला अध्यक्षांचा हसरा फोटो आणि मोठ्या लोकांचे अभिप्राय होते. ती पानं तिने न वाचता उलटली. मधूनच मला माहिती देई. कंपनी साबणाच्या वडीएवढी एक डबी बनवते. ती पंपावर किंवा कॉम्प्रेसरवर चिकटवायची. ती यंत्राचा आवाज ऐकते आणि बिघाड व्हायच्या आधी मालकाला कळवते. मी विचारलं, म्हणजे चांगली आहे? म्हणाली, डबी चांगली आहे असं दिसतंय.

मग तिने काय करावं, तर ती शहराबाहेरच्या एका शीतगृहात गेली. तिच्या मैत्रिणीचे काका तिथे देखभाल बघतात, आणि त्यांच्या कॉम्प्रेसरवर ही डबी आहे असं कळलं होतं. मामाला सोबत येतोस का विचारलं. तो म्हणाला, तिथे काय बघायचं, तिथे कोण मोठं माणूस आहे? तो आला नाही. या वाक्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

महिनाअखेरीचा दिवस उजाडला. मी प्रयोगशाळेत होते. तास संपला होता, मुलं गेली होती, टेबलांवर सांडलेल्या अॅसिडचा वास होता आणि मी बाटल्या पुसून परत मांडत होते. ठकी दारात येऊन उभी राहिली. बॅग खांद्यावरच.

“डबी खरी आहे, आई,” ती म्हणाली. “काकांनी दाखवलं. डबीने सांगितलं तेच बेअरिंग खराब निघालं.”

मी बाटली पुसत राहिले. पुसलेलीच.

“पण आता ती कॉम्प्रेसरवर नाही. ड्रॉवरमध्ये आहे, रबरबँडांबरोबर. पहिलं वर्ष सवलतीत देतात. दुसऱ्या वर्षी पूर्ण पैसे मागितले तेव्हा शीतगृहवाल्यांनी काढून ठेवली. अहवालातही आहे ते, लहान अक्षरात. बरेच जण काढतात. आणि आजचा भाव असं धरून चाललाय, की ती जगातल्या प्रत्येक यंत्रावर चिकटणार आणि कधीच निघणार नाही.”

“म्हणजे शेअर पडणार?”

“ते मला नाही माहीत. वाढेलही. लोक एकमेकांकडे बघून घेतायत तोवर वाढेलच. पण का वाढला ते मला सांगता येणार नाही. आणि जे मला सांगता येत नाही त्याच्यासाठी मी जागा सोडणार नाही.” मग तिने बॅग खाली ठेवली. “फी भरली मघाशी. कर्जाचं बाबांना सांग, मी बसेन त्यांच्याबरोबर.”

मी बाटल्यांकडे तोंड केलं आणि एकीची चिठ्ठी नीट चिकटलेली असूनही पुन्हा दाबत बसले. तिने विचारलं, आई, रडतेस का? मी म्हटलं, अमोनियाची बाटली उघडी आहे. ती रसायनात कच्ची नाही. तिने बाटल्यांवरून एक नजर फिरवली आणि जाऊन खिडकी उघडली.

इथे खरं तर भावाला मी मोकळं सोडायला हवं होतं, पण त्याने मला सोडू दिलं नाही.

काही आठवड्यांनी संध्याकाळी फोन आला. एजन्सीला आता जरा सावध पण गोड असं काहीतरी हवं होतं, कुणासाठी ते अर्थात कळवलेलं नव्हतं. “ताई, ऐक. ‘टिंबटिंबवर माझं प्रेम कायम आहे. पण प्रेमात पडलेला माणूससुद्धा अधूनमधून घड्याळाकडे बघतो.’” मी म्हटलं, छान आहे. खरंच छान होतं. त्याला लिहिता येतं, हे मला कबूल करावंच लागतं. एवढं लिहिता येणाऱ्या माणसाने एकदा तरी स्वतःच्या सहीने काही लिहावं असं मला वाटत आलंय.

पुढच्याच आठवड्यात सोनेरी चष्मेवाले सर टीव्हीवर आले. चष्मा काढला. पुसला. शेअरबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, कंपनीवर माझं प्रेम कायम आहे, पण प्रेमात पडलेला माणूससुद्धा अधूनमधून घड्याळाकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच माझ्या भावाने होते नव्हते ते सगळे शेअर विकले.

हे मला भावजयीने सांगितलं. ती म्हणाली, अहो, ते तुम्हीच लिहिलेलं ना? तर तिला म्हणाला, लिहिलं मी, पण इशारा त्यांनी दिला. स्वतःच्याच हाकेला ओ देऊन घराबाहेर पळालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

शेअर त्यानंतर थोडा घसरला, मग सावरला, आणि आज त्याने विकला त्याहून वर आहे. मी रोज सकाळी बघते. ठकीला सांगत नाही. ती विचारत नाही. तिच्या हातावर प्लास्टरचे पांढरे डाग असतात, आणि मागच्या सुट्टीत तिने जेवणाच्या टेबलावर एक गुडघा आणून ठेवला होता, बिजागरी कशी वळते ते बाबांना दाखवायला. भाव दुप्पट झाला तर तिला वाईट वाटेल का, या विचाराने मी कूस बदलत पडते. नवरा म्हणतो, तुला शेअर पडला तरी झोप येणार नाही, तेव्हा तो विषय सोड.

भावाला मात्र कसलंच दुःख नाही. सर कसे वेळेवर सावध करून गेले, हे तो सांगत फिरतो. कुणी म्हणालं, पण वाढला की नंतर, तर म्हणतो, त्यांनी काही पाहिलं असेल.

आणि आता त्याला नवीन जाणकार सापडली आहे. एजन्सीत हा सगळ्यांना सांगत सुटला आहे, आमची भाची म्हणते, डबी चांगली आहे, किंमत नाही. ठकीला अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. मॅडम, दुसऱ्या एका कंपनीबद्दल तुमचं काय मत? ती वसतिगृहात, हात प्लास्टरने माखलेले, खांद्याने फोन कानाशी दाबून सांगतेय की मी मॅडम नाही.

परवा ती घरी होती तेव्हा तिने मामाला माझ्यासमोर फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता. म्हणाली, “मामा, तुला ते पटलं असेल तर सांग लोकांना. पण माझं नाव काढून सांग.”

पलीकडे त्याची खुर्ची कुरकुरत राहिली. मला वाटलं, या मुलीने जे साधलं ते आम्हाला कुणालाच साधलं नव्हतं. माणूस विचारात पडलाय.

मग त्याचा आवाज आला, समजूतदार, जरासा दुखावलेला. “बरं बाई. नाव नाही घेत.”

आज भावजयीचा फोन होता. एजन्सीत त्याने सगळ्यांना सांगितलंय, टिंबटिंब म्हणते, डबी चांगली आहे, किंमत नाही. कुणीतरी विचारलं, ही टिंबटिंब कोण?

तर आवाज खाली आणून म्हणाला, नाव सांगता येणार नाही, पण फार मोठ्या आहेत त्या.